रोजच्या ओढीची स्वस्त बर्ली: खानदेशच्या हवेत कोणती घ्यावी, कशी ओढावी

खानदेशात राहून रोज पाइप ओढायचा असेल तर महागड्या, मोठ्या नावाच्या डब्यांमागे लागायची गरज नाही. कार्टर हॉल, प्रिन्स अल्बर्ट, ग्रेंजर, सर वॉल्टर रॅली या अमेरिकेतल्या जुन्या, साध्या बर्ली तंबाखू. एकेकाळी तिकडे औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे ठेवलेल्या असायच्या. रोजच्या ओढीला त्या पुरून उरतात आणि आपल्याकडची कोरडी हवाही त्यांनाच जास्त मानवते. नवख्याने कार्टर हॉल घ्यावी. हात बसलेल्याने प्रिन्स अल्बर्ट. ज्याला नुसत्या पानाची चव हवी त्याने ग्रेंजर. पण तंबाखू चांगली लागली की वाईट, हे निम्मं डब्यात काय आहे यावर आणि निम्मं आपण ती कशी वाळवतो, कशी भरतो यावर ठरतं. म्हणून इथे दोन्हींबद्दल लिहिलं आहे.

हे सगळं जे आधीच तंबाखू ओढतात त्यांच्यासाठी आहे. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी आहे असं कुणी समजू नये. ओठ, जीभ, घसा यांचा कर्करोग पाइपनेही होतो, आणि तोंडाच्या कर्करोगाने उद्ध्वस्त झालेली घरं आपल्या भागात कमी नाहीत. जो ओढत नाही त्याने यासाठी सुरुवात करू नये.

आता बर्ली म्हणजे काय ते. 1864 साली अमेरिकेत ओहायो राज्यात ब्राऊन काउंटीतल्या एका शेतात तंबाखूची काही रोपं फिकट, पिवळसर निघाली. त्यांत हरितद्रव्य कमी होतं. त्या रोपांपासून पांढरी बर्ली हा वाण आला आणि पुढे केंटकीत पसरला. ही पानं भट्टीत वाळवत नाहीत. चारी बाजूंनी हवा खेळेल अशा उंच कोठारात ती महिना-दोन महिने टांगून ठेवतात. पान इतकं सावकाश वाळतं की त्याच्यातली साखर तेच खाऊन टाकतं, शेवटी जवळजवळ काहीच उरत नाही. व्हर्जिनिया तंबाखू मात्र भट्टीच्या उष्णतेत झटपट वाळवतात, त्यामुळे तिची साखर पानातच राहते. व्हर्जिनिया चवीला गोड लागते, पण घाईने ओढली की जिभेला चटका देते तो त्यामुळेच. बर्लीत हा त्रास कमी. तिच्या अंगची चव भाजलेल्या दाण्यांची, थोडी कोकोची, थोडी मातकट.

वाळलेलं बर्लीचं पान हलकं आणि सच्छिद्र असतं, ओलावा आणि वास पटकन शोषून घेतं. कारखानदार याचाच फायदा घेतात. कोको, ज्येष्ठमध, काकवी यांचं पाणी पानाला पाजलं की ते आतपर्यंत मुरतं. स्वस्त बर्लीच्या डब्यातून येणारा चॉकलेटी वास असा आलेला असतो. तो सौम्य असतो आणि पेटवल्यावर पाच-दहा मिनिटांत मागे पडून पानाची चव पुढे येते.

बर्लीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची सूचना बिडी ओढणाऱ्यांसाठी आहे. बर्लीचा धूर अल्कधर्मी असतो. अशा धुरातलं निकोटिन तोंडातल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं, छातीपर्यंत जावं लागत नाही. बिडीच्या सवयीने तो गिळला किंवा खोल ओढला तर आधी उचकी लागते, मग घाम फुटतो, मळमळतं. तसं झालं तर पाइप खाली ठेवायचा, पाणी प्यायचं, गुळाचा खडा किंवा चमचाभर साखर तोंडात टाकायची आणि अर्धा तास पडून राहायचं. पोट रिकामं असताना बर्ली पेटवूच नये. धूर तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा आणि सोडून द्यायचा, एवढंच.

टपरीवरच्या जर्द्याने किंवा खायच्या तंबाखूने पाइप भरून बघणारेही असतात. ती चुन्यासोबत मळून खाण्यासाठी बनवलेली चीज आहे. पाइपमध्ये तिचा धूर इतका कडक येतो की दोन झुरक्यांत डोकं गरगरतं, आणि बारीक चुरा नळीतून थेट तोंडात येतो. भारतात बर्ली पिकते, आंध्र प्रदेशात. पण तो माल सिगारेटच्या कारखान्यांत आणि परदेशात जातो, पाइपसाठी कापून, मुरवून आपल्या टपरीवर येत नाही.

एकेका डब्याकडे वळू. कार्टर हॉलमध्ये बर्लीसोबत व्हर्जिनियाही आहे, म्हणून ती या सगळ्यांत गोडसर. काप बारीक, पेटायला सोपी. धूर मऊ, वास घरातल्यांना खुपत नाही. दिवसातून दोनदा ओढली तरी जीभ तक्रार करत नाही. खोट एकच, चवीत चढउतार नाही. पहिल्या झुरक्याला जशी लागते तशीच शेवटच्याला. ज्याला कामात लक्ष ठेवून ओढायचं आहे त्याला हे सोयीचंच.

प्रिन्स अल्बर्ट 1907 साली आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने बाजारात आणली. हिचा काप वेगळा, याला क्रिम्प कट म्हणतात. लांब धागे नसतात, चपटे, वाकडेतिकडे, नखाएवढे तुकडे असतात. पाइपच्या वाटीत, म्हणजे तंबाखू भरायच्या खोलगट भागात, ओतले की हे तुकडे आपोआप एकावर एक बसतात आणि मधे हवेला जागा राहते. सुरुवातीला कोको येतो, अर्ध्यावर दाण्यांची चव भरते, शेवटच्या पावभागात थोडी कडवट होते. तिथे थांबावं, तळ खरवडून ओढू नये. रोजच्या वापरासाठी, माझ्या मते, हिच्या तोडीची दुसरी नाही. मात्र घाई केली तर ही चटकन तापते. कार्टर हॉल चूक पोटात घालते, ही घालत नाही.

ग्रेंजर जाड कापाची. पाकिटावर शिकारी कुत्र्याचं चित्र असतं. वरचा गोडवा अगदी हलका, म्हणून बर्लीचं मूळ पान कसं लागतं ते हिच्यात कळतं. जाड काप सावकाश जळतो, धूर थंड राहतो. पेटायला मात्र हट्टी, दोन-तीन काड्या जास्त जातात. मोठ्या वाटीच्या पाइपमध्ये ही खुलते, अरुंद वाटीत नीट बसत नाही. संध्याकाळी गच्चीवर निवांत तासभर असेल तर हीच काढावी.

सर वॉल्टर रॅली या तिघींच्या मधली. वाईट नाही, पण हातात कार्टर हॉल असताना हिच्यासाठी वेगळा खटाटोप करण्याचं कारण दिसत नाही. हाफ अँड हाफ नावाच्या आणखी एका तंबाखूला बडीशेपेकडे झुकणारा सुगंध आहे. तो पाइपमध्ये मुरतो आणि पुढच्या भरण्यांत डोकावत राहतो. आवडली तर हिच्यासाठी वेगळा पाइप राखून ठेवा.

आता ओलावा, कारण खानदेशात सगळं गाडं तिथेच अडतं. पाऊच कारखान्यातून ओलसर येतं, ते लवकर सुकू नये म्हणून त्यात प्रॉपिलिन ग्लायकॉल घातलेलं असतं. तसंच भरलं तर पेटत नाही, पेटलं तर वाफ जीभ भाजते आणि नळीत पाणी साचून गुडगुड ऐकू येते. बर्ली चावत नाही असं ऐकून घेतलेल्याला ती चावली, तर दहात नऊ वेळा तंबाखू ओली होती असंच निघतं. बाहेरची माणसं भरण्याआधी तंबाखू तासभर उघडी ठेवायला सांगतात. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तासभर ठेवली तर तिचा चुरा होईल. त्या दिवसांत एका भरण्यापुरती तंबाखू कागदावर पसरून दहा-पंधरा मिनिटं पुरे. पावसाळ्यात मात्र पंख्याखाली तास-दीड तासही लागतो. थंडीत साधारण अर्धा तास.

घड्याळापेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. चिमूट घेऊन अंगठा आणि तर्जनीत दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. सावकाश फुलून सुटी झाली तर तयार आहे. कुरकुर आवाज आला आणि बोटांवर पूड राहिली तर जास्त वाळली. बर्ली बाकी तंबाखूंपेक्षा किंचित कोरडीच चांगली लागते, त्यामुळे शंका आली तर पाच मिनिटं अजून ठेवायला हरकत नाही.

यात कूलरमुळे एक गोंधळ होतो. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी पाण्याचा कूलर चालू असतो आणि वारा मिळतो म्हणून तंबाखू त्याच्यासमोर पसरली जाते. तो वारा दमट असतो. तंबाखू वाळायच्या ऐवजी मऊ पडते, त्यात खोलीत गवताच्या जाळीचा वास असला तर तोही बर्ली शोषून घेते. वाळवायची तर दुसऱ्या खोलीत, पंख्याखाली.

जास्त वाळलेल्या तंबाखूवर पाणी शिंपडू नका, डाग पडल्यासारखी कुठे ओली कुठे कोरडी होते. ती परातीत पातळ पसरा. मलमलचं फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि परातीवर ताणून बांधा, तंबाखूला टेकू देऊ नका. दोन-तीन तासांनी हात फिरवून बघा, नाही झाली तर फडकं पुन्हा भिजवा. बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड बरणीत टाकण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका. फोडीवर बुरशी येते आणि तंबाखूवर पसरते. कापसासारखी पांढरी, हिरवट लव दिसली किंवा कुबट वास आला तर सगळी बरणी फेकून द्यायची. वरची काढून खालची वापरणं बरोबर नाही.

भरणं शिकायला प्रिन्स अल्बर्ट उत्तम. वाटी काठापर्यंत सैल भरा, बाहेरून बोटाने दोन टिचक्या मारा, मग अंगठ्याने अर्ध्यापर्यंत अगदी हलकं दाबा. पुन्हा काठापर्यंत भरा, आता थोडं जास्त दाबून पाऊण वाटीवर आणा. तिसऱ्यांदा भरून काठाच्या जरा खाली दाबा. न पेटवता एकदा ओढून बघा. नळी अगदी मोकळी वाटली तर सैल भरली आहे, लवकर जळून जीभ पोळेल. गाल आत गेले तर गच्च आहे, सारखी विझेल. किंचित अडथळा जाणवला की जमलं. गच्च भरलेली पाइप टोकदार वस्तूने उकरून सैल करण्यात अर्थ नाही, उपसून पुन्हा भरा. साधारण अडीच ग्रॅम तंबाखूची एक भरणी होते आणि सावकाश ओढली तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालते.

पेटवताना काडीच्या टोकावरचं रसायन जळून जाऊ द्या, मग ज्योत वाटीवर गोल फिरवा. पहिल्या काडीला वरचा थर फुगून वर येतो. तो दाबणीने, म्हणजे तंबाखू दाबायच्या चपट्या टोकाच्या दांडीने, सपाट करा आणि दुसरी काडी लावा. ही पहिली काडी वाया गेली असं समजू नका, तिच्याशिवाय आग एका बाजूनेच खाली उतरते. पुढे मिनिटाला दोन-तीन लहान झुरके पुरतात. दर काही मिनिटांनी राख नुसती दाबणीच्या वजनाने बसवा. वाटी गालाला लावून सोसवत नसेल तर पाइप ठेवून द्या, विझली तरी चालेल, पुन्हा पेटवता येते. गुडगुड सुरू झाली तर क्लीनर, म्हणजे नळी साफ करायची केसाळ तार, नळीतून आतपर्यंत घालून ओल टिपून घ्या. नीट ओढलेल्या बर्लीच्या शेवटी पांढुरकी, भुसभुशीत राख उरते. तळाला काळा, ओला गोळा निघाला तर पुढच्या वेळी तंबाखू अजून वाळवा.

जेवणानंतर लगेच पाइप घेणाऱ्यांसाठी एवढंच, की शेवभाजी किंवा ठेचा लावून खाल्लेलं भरीत यानंतर जीभ आधीच पेटलेली असते. तिला बर्ली कडू आणि तिखट लागते, आणि दोष तंबाखूवर येतो. पाऊण तास जाऊ द्या. सोबत कोरा चहा चांगला, दुधाचा चहा जिभेवर साय धरतो.

या तंबाखूला मक्याच्या कणसाचा पाइप शोभतो. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन या गावी मिसुरी मेर्शम कंपनी 1869 पासून हे पाइप बनवते. लाकडी ब्रायर पाइपच्या तुलनेत किंमत फारच कमी, आणि नवा असताना त्याला मुरवत बसावं लागत नाही. कणीस सच्छिद्र असल्याने ओल शोषतं, धूर कोरडा येतो. काही मॉडेलमध्ये लाकडी दांडीचं टोक वाटीच्या तळाशी आत आलेलं असतं. पहिल्या काही भरण्यांत ते जळून लाकडाचा वास येतो. घाबरू नका, तळापर्यंत ओढू नका, काही दिवसांत ते काळं पडून वास थांबतो. सोबतचा कागदी फिल्टर बर्लीला नको, ओला झाला की ओढ जड होते.

आपल्याकडे धुळे-जळगाव भागात मका भरपूर, म्हणून शेतातल्या कणसाचा पाइप कोरून बघण्याचा मोह होतो. तो टिकत नाही. तिकडे पाइपसाठी जाड, कठीण कणसाचा खास वाण लावतात, कणसं बराच काळ वाळवतात आणि बाहेरून प्लॅस्टर भरून घासतात. आपलं कणीस मऊ, चार-पाच भरण्यांत भिंतीला भोक पडतं.

दोन पाइप आलटून पालटून वापरा म्हणजे एक वाळतो. ओढून झाल्यावर गार होऊ द्या, मगच नळी काढा. आतल्या भिंतीवर काजळीचा थर पातळ पुठ्ठ्याएवढा ठेवा, जास्त झाला की बोथट पात्याने हलकेच खरवडा. धार लावलेला चाकू कणसाला कापतो. क्लीनर सुताचे हवेत. क्राफ्टच्या दुकानातल्या रंगीत केसाळ तारा प्लॅस्टिकच्या असतात, ओल टिपत नाहीत आणि गरम नळीत वितळू शकतात. आणि उन्हाळ्यात पाइप गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका, नळी वाकते.

साठवणीसाठी पाऊच फोडलं की तंबाखू रबरी चकतीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत हलवा. लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी हिंग-मोहरी सोडत नाही, ती घेऊ नका. बरणी लोखंडी कपाटात किंवा पत्र्याच्या खोलीत नको, मेमध्ये तिथे तापून चव उडते. धाब्याचं जुनं घर असेल तर आतल्या खोलीतलं फडताळ सगळ्यात चांगलं, नाहीतर स्वयंपाकघरापासून लांब खालचा कप्पा. लांब अशासाठी, की हळद आणि लाल मिरचीला जो बारीक तपकिरी भुंगेरा लागतो, सिगारेट बीटल, तोच तंबाखूही पोखरतो. वर्षाच्या मसाल्याशेजारी तंबाखूचा डबा ठेवला तर एकातून दुसऱ्यात जायला त्याला वेळ लागत नाही. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि पीठ दिसलं तर ती तंबाखू गेली. शेजारच्या न फुटलेल्या डब्यांना वाचवायचं असेल तर घट्ट पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

ओढायची जागा म्हणजे घरचा ओटा, अंगण, गच्ची. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, त्यात एसटी स्टँड, रेल्वे फलाट, हॉटेल सगळं आलं. शेतात जास्त काळजी लागते. उन्हाळ्याच्या वाऱ्यात वाटीतून ठिणगी उडते, आणि समोर कापसाची गंजी किंवा कडबा असेल तर पुढचं सांगायला नको. खळ्यात पाइप पेटवूच नका. राख झटकण्याआधी वाटीत थोडं पाणी ओतणं कणसाच्या पाइपला घातक आहे, म्हणून राख पत्र्याच्या डब्यात काढून त्या डब्यात पाणी ओता. उघड्यावर ओढायचंच असेल तर वाऱ्याकडे पाठ करा आणि जाळीचं झाकण वापरा. सरळ वारा वाटीत शिरला तर आग एका अंगाने पेटते आणि कणसाची भिंत जळते.

उरला प्रश्न मिळवण्याचा. कुरिअरने मागवली तर आयात शुल्कामुळे स्वस्त तंबाखू स्वस्त राहत नाही. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांकडून मागवणं हाच बहुतेकांचा मार्ग. तेव्हा वजन नीट सांगा. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला सामानात 125 ग्रॅम तंबाखू शुल्काशिवाय आणता येते, आणि निघण्याआधी त्याने चालू नियम एकदा बघून घ्यावा. कार्टर हॉल आणि प्रिन्स अल्बर्टचं पाऊच दीड औंसाचं, म्हणजे साडेबेचाळीस ग्रॅम. दोन पाऊच 85 ग्रॅम होतात, सरळ बसतात आणि चौतीसेक भरण्या देतात. तीन पाऊच 127.5 ग्रॅम, अडीच ग्रॅमने मर्यादेबाहेर. 14 औंसाचा मोठा डबा जवळजवळ 397 ग्रॅमचा, त्यात दीडशेच्या वर भरण्या निघतात आणि भरणीमागे सगळ्यात स्वस्त तोच पडतो. पण तो आणायचा तर विमानतळावर लाल मार्गाने जाऊन सांगायचं आणि जादा वजनावरचं शुल्क भरायचं. ते धरून हिशेब केला तर बहुतेक वेळा दोन पाऊचच परवडतात, एक कार्टर हॉलचं आणि एक प्रिन्स अल्बर्टचं.